सतरा नंबरचा हंगाम

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला आणि उरलेल्या चकल्या मऊ पडल्या, की आमच्या पेठेत नोंदणीचं वारं सुटतं. नोंदणी म्हणजे फुटबॉलच्या खेळाडूंची. बाकीच्या गावांत या दिवसांत लग्नं जमवतात. कोल्हापुरातही जमवतात, पण त्याआधी बॅक कोण, फॉरवर्ड कोण, अमका फुटला का आणि तमका आला का, हे एकदा ठरावं लागतं. तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, सकाळपासून पोरं उभी असतात. पूर्वी दोन्ही हातांनी हातवारे करून बोलायची, आता एक हात मोबाईलला गुंतलेला असतो, एवढाच काय तो फरक. हवेत गारवा असतो, आणि वारा गावाबाहेरून आला तर त्याला गुऱ्हाळाचा गोडसर, करपट वास असतो. तो वास नाकात शिरला की माझ्या घशात अजून खवखवतं.

कालच दूध आणायला गेलतो, तर पोरांनी अडवलं. "काका, औंदा कोण घ्यायचा सांगा की."

म्हटलं, "बॅक घ्या."

"बॅक हायत की भरपूर. एक हुकमी फॉरवर्ड सांगा. गोल मारणारा."

"मग मला कशाला इचारतायसा? मी काय फॉरवर्ड हुतो काय?" असं म्हणून मी तरातरा निघालो. पोरं मागं हसली. हसू देत. त्यांचं वय गोल बघण्याचं आहे. मी अकरा हंगाम गोलकीपर होतो. फुटबॉलकडं मी उलट्या बाजूनं बघितलंय. सगळं गाव ज्याला 'गोल' म्हणून नाचतं, तो माझ्या पाठीमागं झालेला असायचा.

गोलकीपर या प्राण्याचं एक दुःख असतं, ते दुसऱ्या कुणाला सांगून कळत नाही. फॉरवर्ड दहा वेळा चुकला आणि अकराव्यांदा बसला, तर त्याला खांद्यावर घेतात. गोलकीपरनं दहा अडवले आणि अकरावा सुटला, तर लोक त्या अकराव्याचं नाव घेऊन चहा पितात. मला तर एका हंगामात अकराव्याची वाट बघावी लागली नाही. नव्वदीची शेवटाशेवटाची वर्षं होती. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघ चालवतात, त्यांतला आमच्या तालमीचा संघ तळाला गेला. आमची बचावफळी म्हणजे नुसतं नाव. समोरचा बॉल घेऊन यायचा, आमचे बॅक त्याच्या मागनं पळायचे, आणि मी एकटा दोन खांबांच्या मध्ये हात पसरून उभा. एका मॅचला सात खाल्ले. सात! दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो, तर शेजारच्या मशीनवर नेहमीचा गडी होता. त्यानं नुसती माझ्याकडं बघून मान हलवली आणि जॉब लावला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि नियम असा होता, की ओळीनं दोन हंगाम तळाला राहिलेला संघ खालच्या गटात ढकलला जायचा. आमचा एक हंगाम झालेला होता. तालमीची बैठक बसली, तेव्हा अध्यक्षांनी सांगून टाकलं, "औंदा खाली गेलो तर फुटबॉल बंद. कुस्तीची तालीम हाय, कुस्तीच करूया." कुणीतरी मागून म्हणालं, "आधी गोलकीपर बदला." मी भिंतीला टेकून बसलो होतो. मान वर केली नाही. तेव्हा वस्ताद बोलले. "ह्यो हंगाम त्योच उभा ऱ्हाईल. फुडचं फुडं." वस्तादांनी म्हटलं म्हणजे विषय मिटला. पण त्याचा अर्थ मला कळला होता. पेठेचा फुटबॉल राहणार का जाणार, हे आता मी उभा असलेल्या त्या आठ यार्डांत ठरणार होतं.

वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे बंडा वस्ताद. हयात लाल मातीत गेलेली. कान मोडलेले, मान आणि खांदा वेगळा दाखवता येऊ नये असे. फुटबॉल त्यांना फारसा कळत नव्हता, आणि ते तसं मान्यही करायचे. "बॉल गोल हाय आन् पाय लागतोय, एवढं ठावं हाय मला," म्हणायचे. पण आमच्याकडं एक रीत होती. तालमीच्या नावानं कुठं काही शब्द द्यायचा असेल, तर तो वस्तादांच्या तोंडूनच जायचा. अध्यक्ष असो, कॅप्टन असो, त्यांनी कितीही ठरवावं. वस्ताद बोलले तर तालीम बोलली.

या रीतीनंच त्या वर्षी घोटाळा केला. आता मी त्याला घोटाळा म्हणत नाही, पण तेव्हा सगळी पेठ म्हणत होती.

त्याचं असं झालं. शहराबाहेरनं चांगली पोरं खेळायला यायची. कुणी शिरोळचा, कुणी राधानगरीचा, कुणी गडमुडशिंगीहून सायकल मारत येणारा. त्यांना पेठ नाही, तालीम नाही. मग नोंदणी जवळ आली की त्यांची पळवापळवी सुरू व्हायची. एका तालमीनं एका पोराला चार दिवस कुणाच्या तरी मळ्यात लपवून ठेवला होता, दुसऱ्यांनी शोधू नये म्हणून. पोरगं तिथं भाकरी खाऊन खाऊन असं सुस्तावलं, की पहिल्या मॅचला पळवेना. दरवर्षी यावरून डोकी फुटायची. शेवटी जुन्या जाणत्यांनी एकत्र बसून तोड काढली. बाहेरच्या सगळ्या पोरांना एका रविवारी मैदानावर उतरवायचं, छातीला नंबर लावायचे, दोन तुकड्या करून एक मॅच खेळवायची. मग पाळीपाळीनं एकेका तालमीनं नाव घ्यायचं. एका तालमीला तीन पोरं. आणि जी तालीम तळाला, तिची पहिली पाळी.

म्हणजे आमची. पेठेला वाटलं, नशीब उघडलं.

तो रविवार मला अजून हाताला लागतो. गवतावर दव होतं आणि मैदानाच्या कडेला चुन्याचा पांढरा वास. पोरांच्या छातीवर कापडाचे चौकोन सेफ्टी पिनांनी लावलेले. त्यांत नऊ नंबरचा एक पोरगा होता. काय पोरगा! पायाला बॉल चिकटल्यागत. त्यानं उत्तरार्धात चार गोल मारले. चौथा मारला तेव्हा आमचा कॅप्टन पिंट्या, जो स्वतः फॉरवर्ड होता, तोसुद्धा म्हणाला, "माझी जागा गेली तर जाऊ दे, ह्यो पायजेच." बैठकीत नऊ नंबर ठरला. झेंडूचा हार आला. हलगीवाला येऊन उभा राहिला. गुलालाची पिशवी कुणीतरी आधीच फोडून बघितली होती, कारण दोघातिघांच्या बोटांना लाल लागलेलं होतं.

वस्ताद उठले. मांडवात माईकपुढं गेले. माईकनं एकदा कुईं केलं. त्याच्याकडं रागानं बघून ते म्हणाले, "सतरा नंबर."

हलगीवाल्यानं टिपरू उचललं होतं, ते तसंच राहिलं.

पिंट्या ओरडला, "वस्ताद, नऊ! नऊ म्हणा!"

"नऊ कोन?"

"चार गोल मारलेला ओ!"

"चार दुसऱ्या डावात मारलं. पहिल्या डावात किती मारलं?" पहिल्या डावात नऊ नंबरनं एकही मारला नव्हता. वस्ताद पुढं म्हणाले, "पहिल्या डावात त्येच्यासमोर सतरा हुता. मग ह्यांनी पोरं हिकडं तिकडं केली, सतरा गेला नवाच्याच बाजूला. मग झालं गोल. म्या नऊ बघितलाच न्हाई. म्या त्येला अडवणारा बघितला."

खरं सांगतो, माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं गोलात उभा राहणारा मी, आणि मीसुद्धा गोल मोजत बसलो होतो. सतरा नंबर पुढं आला. उंच, काटकुळा, मिशी फुटायला बघत असलेली. त्याच्या गळ्यात नऊ नंबरचा हार पडला. तो हार हातानं चाचपून इकडंतिकडं बघत होता, चुकून आपल्याला आला असावा तसा. नाव विचारलं तर मल्लिकार्जुन. गावाकडं मल्लू. शिरोळचा, घरात निम्मं कानडी.

वस्तादांनी विचारलं, "घरी काय करतोस?"

"दारं धरतोय की," तो म्हणाला. शहरातल्यांसाठी सांगतो, उसाला पाणी पाजताना एका सरीचं तोंड फोडायचं, ती भरली की बुजवायचं, पुढच्या सरीचं फोडायचं, याला दारं धरणं म्हणतात. वस्तादांनी मान हलवली आणि जाऊन बसले.

पुढच्या दोन पाळ्यांनाही त्यांनी बॅकच घेतले. राधानगरीचा केरबा घेतला. का, तर "तीनदा पडला आन् बॉल यायच्या आत उठला." गडमुडशिंगीचा दिलीप घेतला. का, तर "ह्येला कुणी ढकलला तर ढकलणाराच मागं सरकतोय." नऊ नंबर आमच्या मागोमाग लगेच दुसऱ्या पेठेत गेला. आम्ही गुलाल न उधळता घरी आलो. पिशवी फोडणाऱ्यांनी बोटं पँटला पुसली. माझी बायको सुनंदा दारात उभी होती. तिनं विचारलं, "कोण मिळालं?" सांगितलं, तीन बॅक. ती जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे तुमचं हाल कमी हुणार म्हणा की." सगळ्या पेठेत ही एकटीच खूश होती.

हाल काही लगेच कमी झाले नाहीत. वस्तादांनी तिघांना घेतलं ते थेट तालमीच्या मातीत. फुटबॉलचा सराव मैदानावर व्हायचा तो व्हायचाच, पण संध्याकाळी कुस्तीच्या हौदात, लाल मातीत. कुस्तीत जशी जोड लावतात, तशी त्यांनी प्रत्येकाला जोड लावायला शिकवली. "तुझा गडी ह्यो. मॅच सुटंपर्यंत त्यो तुझा. त्यो जाईल तितं जायाचं. सोडायचा न्हाई." मल्लूनं हे फार मनावर घेतलं. पहिलीच मॅच नेमकी नऊ नंबरवाल्यांशी आली. आणि खरोखर, अर्धा तास नऊ नंबरला बॉल दिसला नाही. मल्लू त्याच्या अंगाला अंग लावून. तो डावीकडं, हा डावीकडं. तो थांबला, हा थांबला. मग नऊ नंबरला तहान लागली. तो रेषेबाहेर ठेवलेल्या बाटलीकडं गेला. मल्लूही गेला! तो पाणी पीत होता आणि मल्लू कमरेवर हात ठेवून त्याच्या शेजारी उभा होता. स्टेडियम हसून हसून लोळलं. आणि तेवढ्यात आमच्या मधल्या मोकळ्या रानातनं त्यांचा एक दुसराच गडी आरामात बॉल घेऊन आला आणि त्यानं माझ्या डाव्या हाताखालून तो सारला. त्यानंतर केरबाची जोड केरबाला घेऊन कोपऱ्यात गेली आणि दुसराही झाला.

दोन-शून्य. स्टेडियमच्या पायऱ्यांवरून आवाज आला, "वस्ताद, बाटलीलापन एक जोड लावा!" आमच्याच पेठेचा माणूस तो. मला गोलातून मल्लूचा चेहरा दिसत होता. त्याला आपलं चुकलं काय तेच कळत नव्हतं. सांगितलं तसं केलं होतं की त्यानं.

मला त्या दिवशी फार राग आला. मल्लूचा नाही, वस्तादांचाही नाही. माझाच. कारण तो मधला मोकळा रस्ता मला दिसत होता. गडी येतोय हे मला सगळ्यात आधी दिसलं होतं. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं. आणि मी ओरडलो नव्हतो.

दुसऱ्या रविवारी वस्ताद म्हणाले, "चल, शिरोळला जाऊन यू." मला वाटलं, मल्लूला घरी सोडायला निघाले. एसटीनं गेलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना ऊस, तुऱ्याला आलेला. कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर एकामागनं एक, आणि एसटी त्यांच्या मागं गुरगुरत. मल्लूच्या घरी त्याची आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं, आणि काही विचारायच्या आत म्हणाली, "ऊट माडरी आदी. मग बोला." म्हणजे आधी जेवा. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दह्याचा गोळा. वस्ताद तीन भाकऱ्या जेवले. मग म्हणाले, "मला दारं धरलेलं बघायचंय."

भर दुपारी आम्ही सरीच्या बांधावर उभे. मोटार चालू होती आणि पाटाला पाणी सुटलेलं. मल्लू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात खोरं घेऊन. आणि मी बघतच राहिलो. मैदानावर काटकुळा, भांबावलेला दिसणारा पोरगा तो हाच काय! त्याला घाई नव्हती. पाण्याकडं तो बघतही नव्हता. पाणी जाणार असेल तिथं तो आधीच जाऊन उभा असायचा. दोन खोरी माती, पायानं दाबली, झालं. वस्तादांनी विचारलं, "पाण्यामागनं पळत न्हाईस?"

"पाण्यामागनं पळून काय करू?" मल्लू हसला. "पाणी म्होरं जातंय आन् आपण मागं. जायाचं तितं आधी हुबारायचं."

"आन् सरी भरली ते तुला कसं कळतंय? हितनं तर टोक दिसत न्हाई."

तेवढ्यात उसाच्या पलीकडून आवाज आला, "भरलीऽऽ!" मल्लूनं मान न वळवता सरी बुजवली आणि पुढची फोडली. म्हणाला, "काका बसलाय की टोकाला. त्यो सांगतोय."

वस्ताद माझ्याकडं वळले. त्यांनी आवाज चढवला नाही, हे विशेष. म्हणाले, "माझं चुकलं सुभ्या. म्या पोराला पाण्यामागनं पळवला. कुस्तीत जोड असती, फुटबालात न्हाई. हे म्या मान्य करतो. पर तू सांग, टोकाला कोन बसलंय? तुझं तोंड कुटं गेलतं?"

वस्ताद 'माझं चुकलं' म्हणाले! हे मी पेठेत सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. त्यामुळं माझ्याही तोंडून खरं बाहेर पडलं. म्हटलं, "वस्ताद, माझ्या पाठीमागं गेल्या साली इतक्यांदा जाळी हालली. मी कुणाच्या तोंडानं त्यांना सांगू, हिकडं जा, तिकडं जा? ते म्हणतील, आधी स्वतःचं बघ."

वस्तादांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून पाटात टाकलं. "जाळी हालली म्हणून डोळं गेलं काय तुझं, लगा? दिसतंय ते सांगायचं. बास."

बास. एवढंच. पण मी ज्या ओझ्याखाली वर्षभर वाकलो होतो, ते त्या बांधावर खाली ठेवलं. मला चक्क हलकं वाटलं. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून, लाज न बाळगता, मोठ्यानं म्हणून बघत होतो. "मल्लू, डावीकडं! केरबा, थांब! दिलीप, मागं!" कंडक्टर म्हणाला, "पावणं, तब्येत बरी हाय न्हवं?" वस्ताद डोळे मिटून म्हणाले, "बरी हाय. आता बरी हाय."

त्यानंतरचा तो हंगाम. काय सांगू? मी बोलायला लागलो. बोलायला कसला, ओरडायला. आधी घसा बसायचा, सुनंदा हळदीचं दूध द्यायची, सकाळी लेथवर मी खुणा करून काम मागायचो. मल्लू गडबडीत कानडीत शिरायचा, म्हणून मी त्याच्याकडून 'निल्ल' आणि 'बा' शिकून घेतलं, थांब आणि ये. पोरं सरीच्या तोंडाशी उभी राहावीत तशी उभी राहायला लागली. पळापळ थांबली. आणि एक दिवस, साधारण पौषात, मॅच चालू असताना माझ्या लक्षात आलं, की मला गार लागतंय.

गार! गोलकीपरला गार लागतंय म्हणजे त्याला काम नाही. मी दोन खांबांमध्ये उभा होतो आणि आजूबाजूचं मला दिसत होतं. पायऱ्यांवर कुणीतरी भडंग खात होतं, त्यातल्या लसणाचा वास इथवर येत होता. एक म्हातारा स्वेटरचं वरचं बटण लावत होता. उन्हाचा पट्टा हळूहळू कॉर्नरच्या झेंड्याकडं सरकत होता. अकरा हंगामांत मी हे मैदान कधी बघितलंच नव्हतं. मला फक्त बॉल दिसायचा, मोठा मोठा होत येणारा. आता बॉल लांब, मल्लूच्या पायाशी, आणि माझ्या छातीत आपलं साधं, संथ धडधडणं. निवांतपणा म्हणजे काय हे मला रंकाळ्याच्या काठावर बसून कधी कळलं नाही, ते गोलात उभा राहून कळलं.

लोक कंटाळले, ही गोष्ट खरी. आमच्या मॅचला गोल व्हायचे नाहीत. शून्य-शून्य, एक-एक, कधी पिंट्यानं एखादा मारला तर एक-शून्य. "तुमची मॅच बघण्यापरास घरी शेंगा फोडल्याल्या बऱ्या," असं आम्हाला तोंडावर सांगायचे. पिंट्याची मात्र तक्रार गेली होती. तो एकदा मला म्हणाला, "सुभ्या, गेल्या साली मी पुढं उभा असायचो आन् सगळं ध्यान मागं. आता मागं बघावंच लागत न्हाई." सुभ्या म्हणणारा माणूस 'सुभाषराव' म्हटल्यागत बोलला तेव्हा. तरी गुण कमीच होते. बरोबरीनं पोट भरतं, पण ताट भरत नाही. शेवटच्या मॅचपर्यंत आम्ही तळाच्या एक पायरी वर लोंबकळत होतो. ती बरोबरीत सुटली तर वाचलो. हरलो तर खाली, आणि फुटबॉलला कुलूप.

फाल्गुनातली मॅच. दुपारचं ऊन डोळ्यांत, आणि मैदान वाळून कौलासारखं झालेलं, बॉल कुठंही उडायचा. समोरचा संघ वरच्या नंबरांतला, त्यांना हरण्याजिंकण्याचं काही नव्हतं, त्यामुळं ते मोकळेपणानं खेळत होते. आम्हाला मात्र पाय उचलताना पेठ उचलावी लागत होती. पहिला अर्धा गेला. दुसऱ्यातली वीस मिनिटं गेली. केरबाचा गुडघा फुटला, त्यावर माती चोळून तो उभा राहिला. माझा आवाज केव्हाच चिरकला होता. स्टेडियम एरवी गर्जत असतं, त्या दिवशी ते श्वास धरून बसलं होतं, त्यामुळं माझा फाटका आवाजच सगळ्या मैदानावर ऐकू जात होता. वस्ताद रेषेबाहेर मांडी घालून बसले होते.

आणि अगदी शेवटाला तो बॉल आला. लांबनं, उंच, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून. एक टप्पा पडला तो वाकडाच उडाला आणि गोलाच्या दिशेनं घरंगळत निघाला. त्यांचा फॉरवर्ड मागनं सुसाट, मल्लू त्याच्या अर्धं पाऊल पुढं. मल्लूचा पाय मागं गेला होता, मारायला. पण तो माझ्याकडं तोंड करून पळत होता. घाईत मारला असता तर बॉल त्याच्याच पायावरून आत गेला असता. असे गोल मी गेल्या साली तीन खाल्ले होते. मला दिसत होतं, बॉल बाहेर चाललाय. खांबाच्या बाहेर. वीतभर. कदाचित वीतभरसुद्धा नाही. माझी खात्री होती का? आता विचाराल तर सांगतो, नव्हती. पण दिसत होतं ते तेवढं होतं.

"सोड, मल्लूऽऽ!"

त्याचा उचललेला पाय तसाच खाली आला. जागच्या जागी थांबून त्यानं दोन्ही हात पसरले आणि पाठीनं त्या फॉरवर्डला धरून ठेवलं. बॉल त्याच्या समोरून गेला, माझ्या समोरून गेला, खांबाला घासला की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, आणि रेषेबाहेर जाऊन पाण्याच्या बादलीला धडकला.

शिट्टी झाली. शून्य-शून्य.

क्षणभर कुणालाच काय करावं कळेना. शून्य-शून्यला नाचायची कोल्हापुरात पद्धत नाही. मग पायऱ्यांवरून एक बाई ओरडली, "वाचलं की ओऽ!" आणि सगळी पेठ कुंपणावरून आत. पिंट्या मातीत लोळला. केरबाला कुणीतरी खांद्यावर घेतलं आणि त्याचा फुटका गुडघा घेणाऱ्याच्या शर्टाला पुसला गेला. वस्ताद मात्र अजून मांडी घालूनच होते, आणि त्यांचे मोडके कान लालबुंद झाले होते. मी खांबाला पाठ लावून खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. दुःख कसलं त्यात! फार दिवसांचं काहीतरी आत आवळलेलं होतं, ते सैल झालं. बस्स, सुटलो, एवढंच मला वाटत होतं. सुटलो!

मल्लू येऊन माझ्या शेजारी बसला. घामानं निथळत होता. त्याचा श्वास जरा खाली आल्यावर मी विचारलं, "एवढी शेवटची वेळ, आणि मी सोड म्हटल्याबरोबर तू सोडलास? बॉल कुटं चाललाय, मान वर करून एकदा बघायचं तरी."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं.

"कशाला बघू, अण्णा? तुमी सांगितलं की."